वायरलेस माऊसचा सेल अधिक काळ कसा टिकवावा

वायरलेस माऊसचा सेल वारंवार संपू लागला की बहुतेक जण सेल बनवणाऱ्या कंपनीला दोष देतात आणि पुढच्या वेळी अधिक महाग सेल घेऊन येतात. सेलचा दर्जा महत्त्वाचा आहेच आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. परंतु एकाच जातीचा सेल आणि एकाच बनावटीचा माऊस असूनही एका टेबलावर तो वर्षभर चालतो आणि दुसऱ्या टेबलावर काही महिन्यांतच मान टाकतो, तेव्हा कारण सेलमध्ये शोधून सापडत नाही. माऊस किती वापरला यापेक्षा तो किती वेळ जागा राहिला यावर सेलचे आयुष्य ठरते, आणि जागे राहण्याची कारणे बऱ्याच अंशी आपल्या टेबलावर, संगणकाच्या मागच्या बाजूला आणि सेटिंग्जमध्ये दडलेली असतात.

हे समजण्यासाठी एक साधा हिशेब करावा. दुकानात आपण ज्याला पेन्सिल सेल म्हणतो त्या डबल-ए आकाराच्या चांगल्या अल्कलाइन सेलमध्ये, थोडा-थोडा प्रवाह ओढल्यास, सुमारे २५०० मिलिअँपिअर-तास इतकी क्षमता असते, म्हणजे १ मिलिअँपिअरचा प्रवाह तो सुमारे २५०० तास देऊ शकतो. वर्षाचे तास होतात ८७६०. २५०० ला ८७६० ने भागले तर सुमारे ०.२९ येतात, म्हणजे ‘एका सेलवर बारा महिने’ असा दावा खोक्यावर छापलेल्या माऊसने रात्री, रविवार आणि सुट्ट्या धरून सरासरी ०.२९ मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह ओढता कामा नये. प्रत्यक्षात हलणारा माऊस याच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. एका डबल-ए सेलवर चालणाऱ्या लॉजिटेकच्या जी-३०५ या खेळांसाठीच्या माऊसला सर्वाधिक वेगाच्या सेटिंगवर कंपनी २५० तासांचे आयुष्य सांगते, म्हणजे तिथे सरासरी सुमारे १० मिलिअँपिअर खर्च होतात. तोच माऊस बचतीच्या सेटिंगवर नऊ महिने चालेल, असेही कंपनी सांगते. इतका फरक पडतो, कारण माऊस दिवसाचा बहुतेक वेळ झोपलेला असावा असे गृहीत धरूनच त्याची रचना केलेली असते.

ही झोप पायऱ्यापायऱ्यांनी येते. माऊसच्या पोटात एक अतिशय छोटा कॅमेरा असतो; तो दिव्याच्या प्रकाशात खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजारो चित्रे टिपतो, लागोपाठच्या चित्रांची तुलना करून माऊस किती सरकला हे ठरवतो आणि ती माहिती रेडिओ लहरींनी संगणकाला लावलेल्या रिसीव्हरकडे जाते. हालचाल थांबली की सेन्सर लगेच बंद पडत नाही. थोड्या वेळाने तो चित्रे टिपण्याचा वेग कमी करतो, आणखी काही वेळाने अधिक कमी करतो आणि काही मिनिटांनी गाढ झोपेत जातो. सेन्सर बनवणाऱ्यांच्या तांत्रिक पत्रकांत या टप्प्यांना रेस्ट १, रेस्ट २, रेस्ट ३ अशी नावे दिलेली आढळतात. प्रत्येक पायरीला विजेचा खर्च मोठ्या प्रमाणात घटतो, मात्र सेन्सरला किंचितही हालचाल झाल्याचा भास झाला तर माऊस पुन्हा पूर्ण जागा होतो. म्हणून पुढील सर्व उपाय करताना एकच प्रश्न मनात ठेवावा: यामुळे माऊस लवकर झोपेल का, आणि झोपलेला राहील का?

उपायांना हात घालण्यापूर्वी एक छोटे काम करावे. नवा सेल घालताना त्या दिवसाची तारीख कागदाच्या बारीक पट्टीवर लिहून ती झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी. सेल ‘फार लवकर’ संपतो ही भावना पुष्कळदा खरी नसते, आणि खरी असली तरी तारखेशिवाय कोणत्या उपायाने फरक पडला हे कळत नाही.

टेबलाचा पृष्ठभाग आणि सेन्सर

सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे माऊसखालचा पृष्ठभाग. आपल्याकडे घरांत आणि कार्यालयांत टेबलांवर चकचकीत सनमायका किंवा काच बसवण्याची पद्धत आहे. कॅमेऱ्याला पृष्ठभागावरील बारीक खडबडीतपणा दिसला तरच त्याला हालचाल मोजता येते. गुळगुळीत आणि प्रकाश परावर्तित करणाऱ्या पृष्ठभागावर त्याला धरून ठेवण्यासारखी खूण सापडत नाही, आणि माऊस स्थिर असतानाही चित्रांमध्ये फरक पडल्याचा भास होऊ शकतो. पडद्यावरचा बाण हात न लावता थरथरत असेल तर हेच घडत आहे असे समजावे. अशा टेबलावर माऊस झोपेच्या पहिल्या पायरीपर्यंतही धड पोहोचत नाही. अगदी गडद पृष्ठभागावरून प्रकाश कमी परत येतो, त्यामुळे काही सेन्सरना दिवा अधिक वेळ लावावा लागतो.

याची चाचणी घरीच करता येते. ज्या माऊसच्या खालून लाल दिवा दिसतो तो टेबलावर ठेवून हात काढून घ्यावा आणि बाजूने खाली पाहावे. काही सेकंदांत दिवा मंद व्हायला किंवा लुकलुकायला हवा. तो तसाच प्रखर राहिला तर माऊसखाली साधा पांढरा कागद ठेवून चाचणी पुन्हा करावी. कागदावर दिवा मंदावला आणि सनमायकावर मंदावला नाही, तर दोष टेबलाचा आहे हे निश्चित झाले. बऱ्याच नव्या माऊसचा दिवा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. तो थेट पाहता येत नाही. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून कधीकधी तो फिकट जांभळट दिसतो, पण तसा दिसलाच पाहिजे असे नाही. अशा माऊसच्या बाबतीत पडद्यावरचा बाण थरथरतो का, एवढेच पाहणे पुरेसे आहे.

उपाय स्वस्त आहे: एकरंगी, चमक नसलेला कापडी माऊसपॅड. तो नसेल तर जाड साधा कागद किंवा पुठ्ठा टेबलावर चिकटवून काम भागते. त्याच वेळी माऊस उलटा करून भिंगाच्या खाचेत केस किंवा धुळीचा कण अडकलेला नाही ना हे पाहावे, कारण भिंगासमोर लोंबणारा एखादा केसही थरथरीला पुरेसा ठरतो. फुंकणीने किंवा कोरड्या इअरबडने तो काढावा, पाणी वापरू नये. टेबलावरच ठेवलेल्या संगणकाचा किंवा प्रिंटरचा हादरा माऊसपर्यंत पोहोचत असेल तर ती वस्तू दुसरीकडे हलवावी.

रिसीव्हरची जागा

माऊस आणि रिसीव्हर यांच्यातील संवाद २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात होतो आणि त्याच पट्ट्यात वाय-फाय, ब्लूटूथ व मायक्रोवेव्ह ओव्हन यांची गर्दी असते. माऊसने पाठवलेली माहिती पोहोचल्याची पोच आली नाही तर तो ती पुन्हा पाठवतो, आणि प्रत्येक पुनरावृत्तीचा खर्च सेलच्या खात्यातून होतो. बाण अडखळत चालणे आणि सेल लवकर संपणे या दोन तक्रारी एकत्र येतात त्या यामुळेच.

कार्यालयांत हमखास दिसणारे दृश्य असे असते की संगणकाचा डबा लोखंडी टेबलाखाली जमिनीवर आहे आणि रिसीव्हर त्याच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून खोचलेला आहे. मध्ये दोन धातूचे पत्रे आले तर लहरींना वाट उरत नाही. रिसीव्हर पुढच्या बाजूच्या पोर्टमध्ये लावावा, किंवा स्वस्तातली यूएसबी एक्सटेन्शन वायर घेऊन तो टेबलावर, माऊसपासून हातभर अंतरावर आणावा.

दुसरी बाब कमी लोकांना ठाऊक आहे. निळ्या रंगाच्या यूएसबी ३.० पोर्टमधून माहितीची वेगाने देवाणघेवाण सुरू असताना नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट निर्माण होतो. इंटेलने २०१२ साली याविषयी स्वतंत्र तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. म्हणून बाहेरची हार्ड डिस्क निळ्या पोर्टमध्ये आणि तिच्या शेजारीच माऊसचा रिसीव्हर, ही मांडणी टाळावी. रिसीव्हरसाठी काळे यूएसबी २.० पोर्ट उत्तम. लॅपटॉपला ते नसेल तर निदान दोन्ही वस्तू विरुद्ध बाजूंना लावाव्यात. घरातील वाय-फाय राउटरला ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर लॅपटॉप आणि मोबाइल त्या पट्ट्यावर जोडल्याने माऊसची वाट मोकळी होते.

रिसीव्हर आणि ब्लूटूथ या दोन्ही प्रकारे चालणाऱ्या माऊससाठी कोणती जोडणी कमी वीज खाते, याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. २०१० मध्ये आलेल्या ब्लूटूथ ४.० सोबत कमी विजेवर चालणारी पद्धत आली, तेव्हापासून ब्लूटूथ म्हणजे विजेची उधळपट्टी हा समज जुना झाला आहे. त्या माऊसच्या पुस्तिकेत दोन्हींचे आकडे दिले असतील तर ते पाहावेत. नसतील तर आपल्या खोलीत जी जोडणी न अडखळता चालते ती ठेवावी.

वेग, दिवे आणि बटण

साधा माऊस संगणकाला सेकंदाला साधारणपणे १२५ वेळा माहिती देतो. खेळांसाठीचे माऊस १००० वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा देतात. पत्रव्यवहार, हिशेब, वाचन या कामांत हा फरक हाताला जाणवत नाही. ज्यांनी खेळांसाठीचा माऊस घेतला आहे आणि दिवसा त्यावरच कार्यालयीन काम चालते, त्यांनी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पोलिंग रेट’ १२५ किंवा २५० वर आणावा. ज्या माऊसला रंगीत दिवे आहेत त्याचे दिवे बंद करावेत, कारण ते कामाचा कोणताही भाग नसून काही वेळा सेन्सरपेक्षाही अधिक वीज घेतात.

खालच्या बाजूचे चालू-बंद बटण रोज रात्री दाबावे का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. समजा, गाढ झोपेतील माऊस ०.०५ मिलिअँपिअर ओढतो. वर्षभर अखंड झोपला तरी त्याचे ४३८ मिलिअँपिअर-तास होतात, म्हणजे सेलचा जवळजवळ सहावा भाग. त्यातली केवळ रात्र वाचवली तर बचत आणखी कमी. सवय लागत असेल तर जरूर बंद करावा, पण विसरल्याने अनर्थ होत नाही. माऊस पिशवीत ठेवताना मात्र बटण बंद केलेच पाहिजे. पिशवीत दर धक्क्याला माऊस जागा होतो, जवळ नसलेल्या रिसीव्हरला हाका मारतो, उत्तर न आल्याने झोपतो आणि पुढच्या धक्क्याला पुन्हा जागा होतो. रोज लोकलने किंवा एसटीने ये-जा करणाऱ्याच्या पिशवीत हे तासन्‌तास चालते. बटण नसलेल्या माऊसचा सेल प्रवासात काढून ठेवावा, अथवा सेल आणि धातूची पट्टी यांच्यामध्ये कागदाचा तुकडा सरकवावा.

कोणता सेल घ्यावा

किराणा दुकानात ‘पेन्सिल सेल द्या’ म्हटल्यावर हातात पडतो तो बहुधा झिंक-कार्बन जातीचा सेल. त्यावर ‘हेवी ड्युटी’ असे छापलेले असले तरी त्याची क्षमता अल्कलाइनच्या तुलनेत फार कमी असते. भिंतीवरच्या घड्याळाला आणि टीव्हीच्या रिमोटला तो योग्य आहे. माऊसमध्ये तो घालू नये, आणि याचे कारण फक्त क्षमता नाही: या सेलचे जस्ताचे कवच हाच त्याचा एक विद्युतअग्र असतो, सेल वापरला जातो तसतसे ते कवच झिजते आणि शेवटी आतले द्रव्य बाहेर येते.

बहुतेकांसाठी योग्य निवड म्हणजे अल्कलाइन सेल. तो न वापरता ठेवला तरी वर्षाला दोन-तीन टक्केच क्षमता गमावतो आणि पाकिटावर छापलेली मुदत बरीच लांबची असते. घेताना ती मुदत अवश्य पाहावी.

पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलविषयी मात्र गैरसमज पुष्कळ आहेत. त्यावर १.५ ऐवजी १.२ व्होल्ट लिहिलेले असते म्हणून माऊस चालणार नाही, असे सांगितले जाते. खरे तर अल्कलाइन सेलसुद्धा १.५ व्होल्टवर थोडाच काळ असतो आणि वापरात हळूहळू १.२ व त्याखाली उतरत जातो. माऊसमधील परिपथ साधारण १ व्होल्टपर्यंत काम करता यावे असाच बनवलेला असतो. निकेलचा सेल आपला बहुतेक सगळा साठा १.२ व्होल्टच्या आसपास देतो. फक्त बॅटरीची टक्केवारी चुकते, कारण माऊस व्होल्टेजवरून अंदाज बांधतो आणि त्याचे कोष्टक बहुधा अल्कलाइनचे असते: नुकत्याच चार्ज केलेल्या सेलवरही ती कमी दिसते, दीर्घकाळ तशीच राहते आणि शेवटी अचानक कोसळते. अशा वेळी टक्केवारीवर विसंबण्याऐवजी झाकणातली तारीख पाहावी.

हे सेल घेताना सर्वांत मोठा आकडा असलेला सेल उचलण्याचा मोह टाळावा. २७०० मिलिअँपिअर-तासांचे जुन्या धर्तीचे सेल पडून राहिले तरी काही महिन्यांत बराच साठा गमावतात. माऊस सेल अनेक महिने पोटात ठेवतो, त्यामुळे तिथे साठ्याची ही आपोआप होणारी गळती कमी असणे अधिक मोलाचे. सान्यो या जपानी कंपनीने २००५ मध्ये एनेलूप नावाचे सेल आणले, तेव्हापासून साठा कमी गमावणारे सेल सहज मिळू लागले. त्यांची क्षमता सुमारे २००० मिलिअँपिअर-तास असते, तरी माऊसमध्ये ते २७०० च्या सेलपेक्षा अधिक टिकतात. वर्षानुवर्षे माऊस वापरणाऱ्याने असे दोन सेल आणि प्रत्येक सेलकडे स्वतंत्र लक्ष देणारा चार्जर घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

अलीकडे यूएसबी केबलने थेट चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम-आयन पेन्सिल सेलही मिळतात. खेळणी किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश यांसाठी ते चांगले असतील, पण माऊससाठी मी ते सुचवणार नाही. व्होल्टेज कायम १.५ ठेवणारा त्यांच्यातला परिपथ माऊस झोपलेला असतानाही स्वतः वीज खातो, आणि टक्केवारी शेवटच्या क्षणापर्यंत पूर्ण दाखवून माऊस काम सुरू असतानाच बंद पडतो. एकदाच वापरायचे लिथियम सेल वेगळे: ते सुमारे १५ ग्रॅमचे, म्हणजे २३ ग्रॅमच्या अल्कलाइनपेक्षा हलके असतात, सहसा गळत नाहीत आणि बराच काळ टिकतात, परंतु महाग पडतात.

दोन सेल लागणाऱ्या माऊसमध्ये दोन्ही सेल एकाच जातीचे, एकाच दिवशी घातलेले असावेत. सेल बदलूनही कमी बॅटरीचा इशारा येत राहिला तर स्प्रिंग आणि पट्टी तपासावी. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत त्यांवर काळसर थर चढतो, प्रवाहाला अडथळा होतो आणि भरलेला सेलही माऊसला रिकामा भासतो. कोऱ्या खोडरबराने तो थर घासून काढावा आणि रबराचे कण झटकून टाकावेत. माऊसने नाकारलेला अल्कलाइन सेल लगेच फेकू नये. मल्टिमीटरवर, म्हणजे व्होल्टेज मोजण्याच्या उपकरणावर, तो १.२ व्होल्टच्या आसपास असेल तर भिंतीवरचे घड्याळ तो आणखी काही महिने चालवू शकतो.

आतच बॅटरी असलेले माऊस

ज्यांची बॅटरी काढता येत नाही त्या माऊसची काळजी वेगळ्या प्रकारे घ्यावी लागते. लॉजिटेकच्या एमएक्स मास्टर ३ चे उदाहरण घेतले तर ५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण चार्जवर ७० दिवसांपर्यंत चालते, असे कंपनी सांगते. याचा अर्थ वर्षात पाच-सहा वेळाच चार्जिंग होते. लिथियम बॅटरी चार्ज होण्याची आणि रिकामी होण्याची काहीशे आवर्तने सहन करते. तेव्हा अशा माऊसची बॅटरी चार्जिंगच्या संख्येने झिजत नाही, ती काळ आणि उष्णता यांमुळे म्हातारी होते. म्हणून तो कायम केबलला जोडून पूर्ण भरलेल्या अवस्थेत ठेवू नये, विदर्भातील मे महिन्यात बंद मोटारीत विसरू नये, आणि काही महिने वापरायचा नसेल तर अर्धा चार्ज करून ठेवावा. पूर्ण रिकामा करून कपाटात ठेवलेला माऊस पुन्हा चार्ज न होण्याची शक्यता असते. ॲपलच्या २०१५ च्या मॅजिक माऊसचे चार्जिंगचे छिद्र तळाशी असल्याने चार्जिंगच्या वेळी तो वापरता येत नाही. तो जेवणाच्या सुट्टीत जोडावा, कारण दोन मिनिटांच्या चार्जिंगवरही तो नऊ तास चालतो असे कंपनीने सांगितले होते. बॅटरी फुगून माऊसचे आवरण उचलले गेलेले दिसले तर तो वापरणे आणि चार्ज करणे त्याच क्षणी थांबवावे.

सुट्टी, गळती आणि टाकाऊ सेल

शाळांच्या संगणक कक्षांत उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी सर्व माऊसमधील सेल काढून ठेवण्याचा नियमच असावा. सुट्टीनंतर बंद पडलेले माऊस उघडले तर पुष्कळदा आत पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. अल्कलाइन सेलमधून बाहेर आलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडची हवेतील कार्बन डायऑक्साइडशी क्रिया होऊन ती तयार होते. असा माऊस टाकून देण्याची घाई करू नये. हातमोजे घालून सेल काढावा, इअरबडला व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचे एक-दोन थेंब लावून पूड विरघळवावी, मग ओलसर इअरबडने आम्लाचा अंश पुसून जागा पूर्ण कोरडी करावी आणि काही तासांनी नवा सेल घालून पाहावा. सुटे सेल थंड, कोरड्या जागी ठेवावेत. फ्रिजमध्ये ठेवू नयेत, कारण बाहेर काढल्यावर त्यांवर दव धरते.

संपलेले सेल घरच्या कचऱ्यात मिसळू नयेत. भारत सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलनासाठी देणे ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे. लिथियम जातीच्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी, म्हणजे डब्यात एकमेकांना टेकून त्यांच्यात शॉर्टसर्किट होणार नाही, आणि डबा भरला की तो ई-कचरा संकलन केंद्रावर नेऊन द्यावा.